जामफळाच्या मुळांवरच्या गाठी

नर्सरीत शिरलं की माझा हात आपोआप पानाखाली जातो. वरून सगळीच पानं छान दिसतात. सकाळी पाण्याचा फवारा मारलेला असतो, त्यामुळे चकचकीतही असतात. रोग बसलेला असतो खालच्या अंगाला. जास्वंदीच्या पानामागे कापसासारखी पांढरी कीड, गुलाबाच्या पानामागे लाल कोळी. लिंबाच्या पानावर खरखरीत तपकिरी फोड आणि भोवती पिवळं कडं दिसलं की समजायचं, खैऱ्या. हे बघून मला गप्प बसता येत नाही. "हे रोप इथे कशाला ठेवलंय? शेजारच्या वीस रोपांना लागेल की!" असं मी मोठ्यानं म्हणते आणि आमचे हे गाडीची किल्ली बोटात फिरवत फाटकापाशी जाऊन उभे राहतात. आमच्या वासणा भागातल्या दोन-तीन नर्सऱ्यांमध्ये तर मी दिसले की माणसं अचानक कामात बुडतात. एक जण नेहमी मोबाइल कानाला लावतो. एकदा तो कानाला लावलेला असतानाच वाजला.

बडोद्यातल्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. घरात मराठी, शाळेत गुजराती आणि राग आला की दोन्ही. निवृत्त झाल्यावर राग खर्च करायला जागा उरली नाही, म्हणून तो नर्सऱ्यांवर निघायला लागला, असं ह्यांचं म्हणणं. असेलही. पण रोगट रोप विकणाऱ्याचा मला खरंच संताप येतो. सडकी भाजी एका घरात जाते आणि तिथेच संपते. रोगट रोप मातीत जातं आणि तिथून पुढे चालू लागतं.

आता एवढा तोरा मिरवल्यावर जे सांगायचं आहे ते सांगताना लाज वाटते. बडोद्यातल्या तीस घरांत रोगट रोपं वाटणारी बाई मीच होते. तेही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, वाण म्हणून.

दरवर्षी आम्ही बायका एकमेकींना मांडवीच्या बाजारातून आणलेले प्लास्टिकचे डबे देतो. माझ्या ओट्याखाली असल्या डब्यांचं एक कपाट भरलं आहे, आणि प्रत्येकीच्या घरी तसंच एक कपाट असणार. दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की या वेळी काहीतरी जिवंत लुटायचं. पेरूची रोपं द्यायची. पेरू म्हटलं की बडोद्यात जन्मलेली आमची मंडळी क्षणभर थांबतात, म्हणून आम्ही घरातसुद्धा गुजरातीतलं जामफळच म्हणतो. कुंडीतही येतं, दोन-तीन वर्षांत फळ धरतं. मला माझी कल्पना फार आवडली होती.

रोपं कुठून घ्यायची हा प्रश्नच नव्हता. वासण्याच्या पुढे, गाव संपतं तिथे, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची नर्सरी आहे. वर्गात तो कायम खिडकीजवळ बसायचा आणि फळ्याकडे कमी, बाहेर जास्त बघायचा. त्याच्या बाबतीत माझं शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मी तेव्हा शिक्षकांच्या खोलीत बोललेही होते. पुढे तो एका केमिकल कंपनीत लागला आणि चाळिशीला येता येता ती नोकरी सोडून त्याने भाड्याच्या जमिनीवर रोपं विकायला सुरुवात केली. त्याची बायको कलमं बांधते, तो गिऱ्हाईक बघतो. मुलीला घेऊन राहतातही तिथेच, दोघांचं सगळं त्या एका तुकड्यात गुंतलेलं. दुसऱ्या कुठल्याही नर्सरीत मी पान उलटून बघते, पण त्याच्याकडे नाही बघितलं. आपला मुलगा म्हणून.

एकतीस रोपं गाडीच्या डिकीत भरली. घरी येईपर्यंत एका रोपाची काळी पिशवी फाटली आणि माती सांडून मुळं उघडी पडली. मुळांवर गाठी होत्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या काही, काही हरभऱ्याएवढ्या. आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "वा!"

हे समजायला तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं असावं लागतं. दर पावसाळ्यात मी वर्गात भुईमुगाचं झाड मुळासकट घेऊन जायची. ही पाहा मुळांवरची गाठ, हिच्यात जिवाणू राहतात, ते हवेतला नायट्रोजन धरतात आणि झाडाला देतात. मुळावर गाठ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र. तीस पावसाळे हेच वाक्य. डिकीत वाकले असताना ते वाक्य माझ्या आधी हजर झालं आणि माझी अक्कल मागून आलीच नाही. त्या फाटक्या पिशवीतलं रोप मी स्वतःसाठी कुंडीत लावलं, आणि बाकीची तीस दुसऱ्या दिवशी हळद, कुंकू, तिळगूळ आणि माझं कौतुक यांच्यासह घरोघरी गेली.

मार्चअखेरीस माझ्या कुंडीतल्या रोपाची पानं पिवळी पडायला लागली. कडेने तांबूस झाली. दुपारी मान टाकायची, पाणी घातलं तरी. मी सगळा दोष ह्यांच्यावर ठेवला. ह्यांनी पाणी जास्त घातलं, मग कमी घातलं, मग भलत्या वेळी घातलं. ह्यांनी आठवडाभर सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "अगं, कुंडी उलटून तरी बघ. पानं उलटतेस ना रोज?"

कुंडी उलटली. बारीक मुळं जवळजवळ उरलीच नव्हती. जी होती ती गाठींनी वेडीवाकडी सुजलेली. मी एक गाठ नखाने ओढली आणि तिच्याबरोबर मूळ तुटून आलं. भुईमुगावरची भली गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नख लावलं की सुटते, फोडली तर आतून गुलाबी असते. ही सुटत नव्हती, कारण ती मुळावर आलेली नव्हती. मूळच सुजलं होतं. आणि जामफळ काही शेंगा धरणारं झाड नव्हे, की त्याच्या मुळावर मित्र येऊन राहतील. हे सगळं मला माहीत होतं. नववीच्या मुलाला माहीत असतं.

याला सूत्रकृमी म्हणतात, गुजरातीत गंठवा कृमि. डोळ्यांना न दिसणारी सुतासारखी अळी मुळात शिरते, तिथेच वाढते, आणि झाडाचं पाणी पिणं बंद पाडते. झाड गेलं तरी ती मातीत राहते. फावड्याला लागलेल्या मातीबरोबर जाते, पाटाच्या पाण्याबरोबर जाते. एखाद्या वाडीत शिरली की जुनी झाडंसुद्धा वाळायला लागतात. मी दाराच्या पायरीवर बसून राहिले. डोळ्यांपुढे तीस घरं येत होती, एकेका घरातली बाईसुद्धा.

त्याच दिवशी ते रोप पिशवीत घालून मी नर्सरीत गेले.

"आवो बेन, आवो," म्हणत त्याने खुर्ची पुसली. शाळेत आम्हा शिक्षिकांना सगळे बेनच म्हणत, तो अजून तसंच म्हणतो. मी रोप काढून त्याच्या हातात दिलं. त्याने मुळांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या मागे जामफळाची रोपं ओळीने लावलेली होती, चारशे तरी असतील, पिशव्या थेट जमिनीवर टेकलेल्या. पिशवीच्या भोकांतून मुळं खाली मातीत उतरलेली मला बसल्या जागेवरून दिसत होती. म्हणजे त्याची जमीनही गेली होती.

"हा रोग आहे," मी म्हणाले. "ही विकू नकोस."

तो हसला. "अरे बेन! मूळमां गांठ होय ते तो सारी. तमे ज भणाव्युं हतुं ने?"

मुळावर गाठ असली तर चांगलंच, तुम्हीच तर शिकवलं होतं. तीस वर्षांत वर्गात मला कोणी गप्प केलं नव्हतं. त्या दिवशी मी गप्प झाले. कारण मला आठवेना. भली गाठ आणि रोगाची गाठ यांतला फरक मी त्याच्या वर्गाला सांगितला होता का? काही वर्षी सांगायची, हे नक्की. पण काही वर्षी परीक्षा तोंडावर यायची, धडे उरलेले असायचे, आणि मी "गाठ म्हणजे मित्र, लिहून घ्या" म्हणून पुढे पळायची. त्याचं वर्ष त्यांतलं असेल तर? मग हा माणूस बेइमान नव्हता. त्याने फक्त माझं ऐकलं होतं. आणि मी स्वतः तरी डिकीपाशी उभं राहून दुसरं काय केलं होतं?

मी घरी आले आणि ठरवलं की आधी आपलं घर झाडायचं. वाण परत मागवायचं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना सांगते, दिलेलं वाण परत मागणं हे आमच्यात ऐकिवात नाही. भांडण झालं, बोलणं तुटलं, तरी डबा राहतो. मी आमच्या बायकांच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. पहिलं उत्तर आलं, "ही कुठली नवीन स्कीम?" दुसरीने विचारलं, बदल्यात काय मिळणार. एकीच्या घरी रोप आधीच मेलं होतं आणि तिने ते मला वाईट वाटू नये म्हणून लपवलं होतं. मी ह्यांना घेऊन घरोघर फिरले, रोपं कुंडीतल्या मातीसकट पोत्यात भरली. मला वाटलं होतं सगळ्या हसतील. काही हसल्याही. पण बहुतेक जणींनी आत बोलावलं, सरबत दिलं आणि गाठी दाखव म्हणाल्या. एकीने तर दुसऱ्याच दिवशी तिच्या सोसायटीतल्या वांग्याचं झाड उपटून फोटो पाठवला, "हे तेच का?"

सगळ्यांत अवघड होत्या माझ्या थोरल्या वन्सं. ह्यांच्या मोठ्या बहिणीसमोर मी आजही जरा जपूनच उभी राहते. त्यांनी दारातच विचारलं, "वाण परत न्यायला आलीस? पुढच्या वर्षी तिळगूळही मागशील, पोटातला." मी खाली मान घालून गाठी दाखवल्या. वन्सं चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला आधी दिसल्या नाहीत?"

"दिसल्या होत्या," मी म्हणाले.

त्या आत गेल्या, कुंडी उचलून आणली, आणि उरलेल्या चौघींना त्यांनी स्वतःच फोन करून रोपं माझ्या घरी पोचवायला लावली. वन्संचा फोन आल्यावर कोण नाही म्हणणार!

रोपं गच्चीवर वाळवून जाळली. माती प्लास्टिकवर पातळ पसरली. तीसच्या तीस रोपांचा हिशोब लागला, आणि मी स्वतःवर खूश झाले. पण मनातलं सांगायचं तर या सगळ्या धावपळीत पंधरा दिवस गेले आणि त्या पंधरा दिवसांत मी नर्सरीच्या रस्त्यावरून एकदाही गेले नाही. तक्रार केली तर बागायत खात्याचे लोक येणार, ती रोपं नष्ट करायला लावणार, ऐन हंगामात त्याची नर्सरी बसणार. ते माझ्यामुळे होणार, तेही दोनदा. आधी अर्धवट शिकवल्यामुळे आणि नंतर तक्रार केल्यामुळे. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझं चाललं होतं.

एका सकाळी मुद्दाम वाट वाकडी करून गेले. फक्त बघून यायचं म्हणून. नर्सरीच्या फाटकाशी एक छोटा टेम्पो उभा होता आणि त्यात जामफळाची रोपं चढत होती. पादरा गावाकडचा एक शेतकरी शेजारी उभा राहून मोजत होता. वाडी करायची होती त्याला. साठ रोपं.

मी स्कूटर टेम्पोच्या पुढे आडवी लावली. नंतर ह्यांनी विचारलं की असं का केलंस, तर मला सांगता आलं नाही. "उतरव ती," मी माझ्या विद्यार्थ्यावर ओरडले, वर्गात ओरडायची त्या आवाजात. शेतकरी दचकला. "शुं थयुं, बेन?" मी टेम्पोतली पहिली हाताला आली ती पिशवी ओढली, स्कूटरच्या किल्लीने फाडली, माती झटकली आणि मुळं त्याच्यापुढे धरली. हातच्या कांकणाला आरसा कशाला. त्याने दोन बोटांत गाठ धरली, दाबली, ओढली. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याने कुठेतरी हे पाहिलेलं असावं. तो फक्त "उतारी लो," एवढं म्हणाला आणि टेम्पोच्या सावलीत जाऊन बसला.

टेम्पो रिकामा होऊन गेल्यावर माझा विद्यार्थी माझ्यासमोर आला. त्याचा चेहरा उतरला होता. "बेन, आ मारो धंधो छे," तो म्हणाला. तक्रार करायची तर ऑफिसात जाऊन करा, माझ्या दारात, माझ्या गिऱ्हाइकासमोर हे करायला नको होतं. त्याची बायको मागे कलमाची सुरी हातात धरून उभी होती, आणि ती माझ्याकडे बघत होती ते मला अजून आठवतं. मी केलं ते योग्यच होतं. पण ज्या रीतीने केलं तिची मला लाज वाटली, आजही वाटते.

त्याच संध्याकाळी तक्रार लिहिली. गुजरातीत, दोन पानं. कुठली रोपं, कुठली नर्सरी, मुळांचं वर्णन, जमिनीवर टेकलेल्या पिशव्या. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की सदर नर्सरीवाला माझा विद्यार्थी असून मुळांवरच्या गाठींबद्दलची त्याची समजूत मी अपुरं शिकवल्यामुळे झालेली असण्याचा संभव आहे, तरी हे लक्षात घ्यावं. दुसऱ्या दिवशी बागायत ऑफिसातल्या तरुण अधिकारी बाईंनी सगळं वाचलं आणि त्या परिच्छेदावर पेन ठेवला. "बेन, आनी जरूर नथी."

"राहू दे," मी म्हणाले. "मला जरूर आहे."

अधिकारी बाई आठवडाभरात आल्या. मुळांचे आणि मातीचे नमुने नेले आणि जे निघायचं तेच निघालं. जामफळाचा सगळा माल नष्ट करायचा, त्या पट्ट्यातली माती दुरुस्त होईपर्यंत तिथे काही ठेवायचं नाही. बाकीची नर्सरी चालू ठेवायला हरकत नाही, पण पिशव्या जमिनीवर टेकवायच्या नाहीत. माल कुठून आणला, असं त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, बाहेरून लॉरी येते, नाव माहीत नाही, पावती नाही. त्याला नाव माहीत होतं. अधिकारी बाईंनाही ते कळलं. एवढंच म्हणाल्या, की लेखी नाव दिलंत तर आम्हाला तिथे जाऊन तपासता येईल, नाहीतर ती लॉरी उद्या दुसऱ्या फाटकाशी उभी राहील.

मे महिन्यात माती दुरुस्त करायची ती उन्हाने. पट्टा खणायचा, भिजवायचा, वर प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबायच्या आणि महिना-दीड महिना तसंच ठेवायचं. आत इतकी वाफ कोंडते की अळ्या टिकत नाहीत. बडोद्याच्या मे महिन्याला आयुष्यभर शिव्या दिल्या, त्या वर्षी मात्र मी रोज सकाळी उठून आकाशात ढग नाही ना, हे बघत होते.

मला कोणी बोलावलं नव्हतं. तरी मी गेले. सकाळी साडेसहाला, डोक्याला पंचा बांधून. तो मान वर करून बघेना. त्याची बायकोही बोलेना, पण तासाभराने तिने ताकाचा पेला माझ्याजवळच्या कट्ट्यावर ठेवला आणि निघून गेली. तिघांनी मिळून तीन दिवस माती खणली. चौथ्या दिवशी त्याने प्लास्टिकचा गुंडाळा आणला, तो काळा.

"काळं नाही, पारदर्शक पाहिजे," मी म्हणाले. "ऊन आत गेलं पाहिजे."

"काळुं वधारे तपे, बेन." काळं जास्त तापतं.

"वरून तापतं. माती तापायला पाहिजे. हातात धरून बघ."

टेम्पोच्या दिवसानंतर आम्ही प्रथमच बोलत होतो आणि तेही भांडत. मला फार बरं वाटलं. दुपारी तो पारदर्शक प्लास्टिक घेऊन आला.

पावसाळ्यात त्या पट्ट्यात टोमॅटोची रोपं लावली, विकण्यासाठी नव्हेत, परीक्षेसाठी. टोमॅटोच्या मुळांना ही अळी लगेच धरते. दीड महिन्याने उपटून बघायचं. मुळं स्वच्छ असतील तर जमीन त्याची, नसतील तर आणखी एक वर्ष पट्टा रिकामा. त्याच्या निम्म्या नर्सरीचा तो पट्टा. दुसऱ्या वर्षीचं भाडं निघेल की नाही, हे तो कुणाला बोलून दाखवत नव्हता, पण त्याच्या बायकोने मला सांगितलं होतं की जुन्या कंपनीत त्याने एक फोन करून पाहिला आहे.

ऑगस्टमध्ये तिचाच फोन आला. "बेन, आजे उपाडवाना छे." आज रोपं उपटायची आहेत.

पाऊस उघडलेला होता. तो पट्ट्याच्या कडेला उकिडवा बसला होता, मी जाईपर्यंत त्याने एकही रोप उपटलं नव्हतं. पहिलं रोप त्याने उपटलं आणि बादलीत बुडवून हळूहळू माती धुतली. पांढरी, बारीक, दाट मुळं. एकही गाठ नाही. दुसरं, तिसरं, सातवं. आम्ही मोजत होतो, पण मोठ्यानं कोणी म्हणत नव्हतं. अगदी शेवटच्या कोपऱ्यातल्या दोन रोपांना बारीक गाठी निघाल्या. तिथे प्लास्टिक भटक्या कुत्र्यांनी फाडलं होतं, आम्हाला उशिरा कळलं होतं. तेवढा कोपरा पुढच्या उन्हाळ्यात परत झाकायचा. बाकी पट्टा त्याचा होता. त्याची बायको पदराने डोळे पुसत आत गेली आणि आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

मी मात्र बसल्या बसल्या त्याच्यावर सुरूच झाले. आता तरी त्या लॉरीवाल्याचं नाव दे. तुझी जमीन वाचली, त्या पादरा गावच्या माणसाची वाडी वाचली, पण दर आठवड्याला ती लॉरी कुठेतरी उतरतेच आहे. पुढच्याला ठेच लागली तर मागचा शहाणा होतो, पण त्याला कुणी सांगितलं तर ना!

तो मुळं धुवत राहिला. मग म्हणाला, "बेन, एक वात कहुं? तमे बराबर भणाव्युं हतुं."

मला आधी कळलं नाही.

तुम्ही बरोबर शिकवलं होतं, तो परत म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता, बादलीतल्या पाण्याशी बोलल्यासारखं. तुम्ही भुईमुगाचं झाड आणलं होतं. नखाने ओढून दाखवलं होतं, गाठ सुटली होती, आतून गुलाबी होती. आणि तुम्ही म्हणाला होतात की ही फक्त शेंगा धरणाऱ्या झाडांना, दुसऱ्या कुठल्या झाडाला गाठ दिसली आणि ती सुटली नाही तर तो रोग. मी वहीत लिहून घेतलं होतं. लॉरी आली त्याच दिवशी मी एक रोप काढून नख लावून बघितलं. सुटली नाही. पण माल उतरून झाला होता, आणि हंगाम समोर होता.

"मग मला तसं का म्हणालास?"

"तुम्ही गप्प व्हाल म्हणून."

मला राग आला, इतका, की मी उठून उभी राहिले. एप्रिलपासून मी ते वाक्य उराशी घेऊन फिरत होते. जुन्या वह्या कुणाकडे असतील का, म्हणून दोन विद्यार्थ्यांना फोनही केले होते. हे सगळं मी त्याला ऐकवलं, दोन्ही भाषांत. त्याने मान खाली घालून ऐकलं. आणि बोलता बोलता मला जाणवलं की आपल्याला एकीकडे आनंदही होतो आहे. खिडकीबाहेर बघणाऱ्या त्या मुलाने सगळं ऐकलं होतं. नखापर्यंत, गुलाबी रंगापर्यंत. शिकवणारी डिकीपाशी उभी राहून विसरली, आणि शिकणाऱ्याच्या मात्र ते लक्षात होतं. लक्षात असून त्याने केलं नाही, हे वेगळं. पण न शिकवलेल्याचं काही करता येत नाही. या माणसाचं अजून काही करता येईल.

"कागद आण," मी म्हणाले.

तो आत गेला आणि मुलीच्या वहीतली दोन पानं आणि पेन घेऊन आला. हात पायजम्याला पुसले. पान गुडघ्यावर ठेवून माझ्याकडे बघत राहिला, मी सांगेन आणि तो लिहील म्हणून. मी बादलीतली रोपं उचलून कडेला ठेवायला लागले.

"बेन, पहेली लीटीमां शुं लखुं?"

"पहिल्या दिवशी काय बघितलंस ते."

त्याला बराच वेळ लागला. आत त्याच्या बायकोने चहा उकळायला ठेवला होता, आल्याचा वास येत होता. मग त्याने गुजरातीत, शाळेतल्यासारख्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, की रोपं उतरवली त्याच दिवशी त्यांच्या मुळांवरच्या रोगाच्या गाठी मी स्वतः पाहिल्या होत्या. त्याखाली त्याने आधी आपलं पूर्ण नाव घातलं, आणि मग त्या लॉरीवाल्याचं.